यादी कोणाच्या हातात?

२०२३ च्या जानेवारीअखेरची पहाट, तीनचा सुमार. बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरून एक जोडपं गाडीने घरी चाललं होतं. सोमपुरा गेटजवळ उलट्या दिशेने आलेली दुचाकी त्यांच्या गाडीवर आदळली. मुद्दामच, असं त्या दोघांचं म्हणणं. दुचाकीवरचे उतरून गाडीकडे आले. चालवणाऱ्याने दार उघडलं नाही. गाडी मागे घेतली आणि पिटाळली ती थेट आपल्या सोसायटीच्या फाटकापर्यंत. पाचेक किलोमीटर ते लोक पाठलाग करत राहिले. डॅशकॅमने सगळं टिपलं, चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी दोघांना पकडलं.

आगरा-इब्लूरकडून निघून, दोड्डकन्नेल्लीतलं विप्रोचं मुख्यालय आणि पुढे दोम्मसंद्र ओलांडून सर्जापूर गावात शिरणाऱ्या या रस्त्यावर पुण्या-मुंबई-नागपूरकडची पुष्कळ कुटुंबं येऊन राहिली आहेत. दिवसा इथे गाडी इंचाइंचाने सरकते. रात्री त्याच रस्त्यावर, दोन सोसायट्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत, चिटपाखरू नसतं. इथे राहणाऱ्या माणसाने ती चित्रफीत पाहिली की त्याच्या मनात पहिल्यांदा अटक, जामीन, आरोपपत्र असलं काही येत नाही. येतं ते 'ठोका साल्यांना'. असं मनात येण्यात पाप नाही. भ्यालेल्या माणसाला ते सुचतंच. पण ठोकायचं तर कोणी, कोणाला, आणि एकदा ठोकून झाल्यावर त्या ठोकणाऱ्याचं पुढे काय होतं, हे प्रश्न त्या क्षणी सुचत नाहीत. हे प्रकरण त्या प्रश्नांचं आहे. त्यांची उत्तरं महाराष्ट्राने गेल्या चार दशकांत रोख किंमत मोजून मिळवली आहेत.

सगळ्यात अवघड उदाहरण आधी घेऊ. सोपी उदाहरणं घेऊन कायद्याची बाजू मांडणं कोणालाही जमतं.

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव नावाच्या गुंडाला पोलिस बंदोबस्तात आणण्यात आलं. कस्तुरबानगर ही बहुतांशी दलित वस्ती त्याने दहा-बारा वर्षं दहशतीखाली ठेवली होती. हफ्ता, मारहाण, घरात घुसणं, बलात्कार, खून. वस्तीतल्या बायका सांगत की तक्रार नोंदवायला गेलं तर तक्रार अक्कूच्या कानावर आधी जाई आणि कागदावर नंतर. काही वेळा पोलिसांनी तक्रार घेऊन आलेल्या बाईच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवले. त्याला अनेकदा अटक झाली, दर वेळी तो सुटला. ऑगस्टच्या सुरुवातीला उषा नारायणे या शिकलेल्या तरुणीने त्याच्यासमोर उभं राहायचं ठरवलं, वस्ती तिच्या मागे उभी राहिली, त्याचं घर लोकांनी पाडलं, आणि तो पोलिसांच्या आश्रयाला गेला. आता कोर्टात आणलाय म्हणजे पुन्हा जामीन होणार, असं वस्तीने धरलं. त्या दुपारी शेकडो बायका न्यायालयात शिरल्या. तिखटाची पूड पोलिसांच्या आणि त्याच्या डोळ्यांत गेली. घरातल्या सुऱ्या निघाल्या. त्याच्या अंगावर सत्तरहून जास्त वार मोजले गेले. पोलिस काही जणींना पकडायला आले तेव्हा वस्ती म्हणाली, पकडायचं तर सगळ्यांना पकडा. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. मारणारे हात प्रत्यक्षात कोणाचे, बायकांचे की त्यांच्याआड उभ्या असलेल्या पुरुषांचे, याबद्दल आजही वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या जातात.

या बायकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. राज्याने त्यांच्याशी केलेला करार राज्यानेच मोडला होता. माणूस आपला सूड घेण्याचा हक्क सोडून देतो तो या भरवशावर की सरकार त्याचं रक्षण करील. कस्तुरबानगरात सरकार रक्षण करत नव्हतंच. उलट तक्रारदाराचं नाव फोडत होतं. तरीही दोन गोष्टी निराळ्या ठेवायला हव्यात. एखाद्याने केलेलं कृत्य समजून घेऊन त्याला माफ करणं ही एक. ते कृत्य योग्य म्हणून त्याचा परवाना छापणं ही दुसरी. माफी त्या माणसापुरती, त्या दुपारपुरती असते. परवाना मात्र पुढच्या कोणालाही वापरता येतो.

आणि तो वापरला गेला. त्याच नागपुरात, मे २०१२ मध्ये, कळमना भागात नाथजोगी समाजातल्या तिघांना जमावाने ठार मारलं. बाईचा वेश करून भिक्षा मागत फिरणारे ते बहुरूपी. लोकांना ते दरोडेखोर वाटले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागायला आले होते. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होते. पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. कस्तुरबानगरचं राईनपाड्याला कारण झालं असं मी म्हणत नाही. दोन्हीकडची माणसं वेगळी, संतापाचं मूळ वेगळं. पण दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. अक्कूचा चेहरा वस्तीने दहा वर्षं पाहिला होता, त्याच्या गुन्ह्यांच्या साक्षीदार त्या बायका स्वतःच होत्या. राईनपाड्यात मारणाऱ्यांपैकी कोणीही मरणाऱ्यांना ओळखत नव्हतं. माहिती शून्यावर आली होती, खात्री मात्र तेवढीच पक्की होती.

राईनपाड्यानंतर बाराच दिवसांनी, १३ जुलै २०१८ ला, बिदर जिल्ह्यातल्या मुरकी गावाजवळ हेच घडलं. बिदरचा हा औराद तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे, मराठी इथे घरोघरी बोलली जाते. हैदराबादहून काही मित्र गाडीने या भागात आले होते. वाटेत त्यांनी शाळकरी पोरांना चॉकलेटं दिली. एकाने त्याची चित्रफीत काढून ग्रुपवर टाकली, सोबत 'मुलं पळवणारे' असा मजकूर. गाडी पुढच्या गावात पोचेपर्यंत रस्ता अडवलेला होता. गाडी कलंडली, जमाव तुटून पडला, सोडवायला गेलेले पोलिसही जखमी झाले. मेला तो एक तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअर होता.

सर्जापूर रोडवरच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावं. शनिवार-रविवारी गाडी काढून अनोळखी गावाकडे जाणं, रस्त्यावरच्या पोरांना खाऊ देणं, हे आपल्यातल्या कोणीही केलेलं असतं. झटपट न्यायाची कल्पना करताना माणूस स्वतःला नेहमी गाडीच्या आत, डॅशकॅमच्या मागे बघतो. जमावाच्या मधोमध, रस्त्यावर पडलेला आपणही असू शकतो, हे त्याच्या हिशेबात नसतं. मुरकीच्या घटनेनंतर चारच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावहत्या रोखण्यासाठी राज्यांना तपशीलवार निर्देश दिले. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये जात, जमात, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक लोकांनी मिळून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशीची वेगळी तरतूद आहे.

इथवर आलं की एक उत्तर हमखास येतं. जमावाला अक्कल नसते हे मान्य. पण शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले, ते चाललं ना? दर अत्याचाराच्या बातमीनंतर हा दाखला ग्रुपवर येतोच, चौरंगाच्या चित्रासकट. दाखला खरा आहे, आणि म्हणूनच तो नीट वाचायला हवा. १६४६ च्या जानेवारीतलं ते पत्र उपलब्ध आहे. त्यात आरोपीचं नाव आहे, त्याचं गाव आहे, त्याचा अधिकार आहे: बाबाजी गुजर, मौजे रांझे, मोकदम. त्याने बदअमल केला हे कळल्यावर त्याला धरून आणलं, शिक्षा केली, आणि पुढे पाटिलकीचं काय झालं, ती कोणाला किती होन दंड घेऊन दिली, हेही लिहून ठेवलं. खाली राजमुद्रा. म्हणजे राज्याने ही शिक्षा आपण दिली असं सही-शिक्क्यानिशी कबूल केलं. सतराव्या शतकातली ती शिक्षा आजच्या राज्यघटनेत बसणार नाही, तो भाग वेगळा. पण आजची पोलिसी चकमक या पत्राच्या नेमकी उलटी असते. तिच्यात राज्य म्हणतं, आम्ही मारलंच नाही; त्यानेच आधी गोळी झाडली, आम्ही फक्त जीव वाचवला. ज्या कृत्याबद्दल चौकात पेढे वाटले जातात, तेच कृत्य पंचनाम्यात नाकारलेलं असतं. राज्याला आपल्या शिक्षेखाली मुद्रा उमटवायचं धाडस होत नसेल, तर त्या शिक्षेला महाराजांचं नाव कशाला लावायचं?

आता मुंबई. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण सत्तेने माणूस कसा नासतो याचा इतका सविस्तर दस्तऐवज देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

११ जानेवारी १९८२ ला वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबई पोलिसांची ही पहिली गाजलेली चकमक. मन्या कीर्ती कॉलेजचा पदवीधर. शहराला तो तपशील फार आवडला, अजून आवडतो. पुढची दहा-पंधरा वर्षं शहराला खंडणीने पोखरलं. बिल्डर, चित्रपट निर्माते, हॉटेलवाले, कोणालाही दुबईहून फोन येई. ऑगस्ट १९९७ मध्ये अंधेरीत गुलशनकुमारचा दिवसाढवळ्या खून झाला. साक्षीदार फुटत, खटले रखडत. टाडा कायदा १९९५ मध्ये संपला होता आणि मकोका १९९९ मध्ये यायचा होता. लोक घाबरले होते हे खरंच. अशा वेळी 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' नावाचा प्राणी जन्माला आला. प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे हे सगळे १९८३ च्या तुकडीचे फौजदार. एकेकाच्या नावापुढे वर्तमानपत्रं आकडे छापत, क्रिकेटच्या धावांसारखे. शर्मांचा आकडा शंभरीपार गेला. १९९५ च्या तुकडीचा दया नायक त्यांच्यात येऊन मिळाला. कर्नाटकात कार्कळजवळच्या येण्णेहोळेचा हा मुलगा मुंबईत हॉटेलात काम करत शिकला, पोलिसात गेला, आणि गावी आईच्या नावाने शाळा बांधली तेव्हा उद्घाटनाला अमिताभ बच्चन आले. 'अब तक छप्पन' हा चित्रपट २००४ मध्ये आला तो या वातावरणातून.

या चकमकींची शिडी कुठवर पोचली हे बघण्यासारखं आहे. दाऊद ऐंशीच्या दशकातच देशाबाहेर गेलेला. छोटा राजनही बाहेर. गोळी लागली ती चाळीतल्या शूटरला, पंटरला, निरोप्याला. राजन शेवटी २०१५ मध्ये बालीत पकडला गेला, रीतसर आणला गेला आणि पत्रकार जे. डे यांच्या खुनाच्या खटल्यात २०१८ मध्ये त्याला न्यायालयाने जन्मठेप दिली. ज्याच्या नावाने शहर कापत होतं त्याला वकील, साक्षीपुरावे आणि निकालपत्र मिळालं. त्याच्या हरकाम्यांना मिळाली छापील मजकुराची बातमी. तो मजकूर वाचकांना पाठच झाला होता: खबऱ्याकडून टीप, पोलिसांचा सापळा, शरण येण्याची हाक, त्याने झाडलेली पहिली गोळी, स्वसंरक्षण, आणि रुग्णालयात नेण्यापूर्वीच मृत्यू. १९९५ ते १९९७ या काळातल्या अशा ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने न्यायालयासमोर मांडले. त्यात १९९७ च्या जावेद फावडा प्रकरणावरून मोठं वादळ उठलं. पोलिस म्हणत हा टोळीवाला, घरचे म्हणत हा शेंगदाणे विकणारा. प्रधान न्यायाधीश अ‍ॅग्वार यांच्या चौकशीने पोलिसांची हकीकत स्वीकारली नाही.

इथे त्या धंद्याची आतली रचना समजून घ्यावी लागते. चकमक करायची तर टीप लागते. टीप देणार कोण? ज्याला त्या माणसाचा ठावठिकाणा माहीत आहे तो, म्हणजे बहुतेक वेळा विरुद्ध टोळीचा माणूस, नाहीतर त्याच टोळीतला नाराज. तो फुकट टीप देत नाही. त्याचं एखादं काम अडलेलं असतं, एखादा प्रतिस्पर्धी नडत असतो. अधिकाऱ्याला वाटतं आपण टोळीला वापरतो. टोळीला ठाऊक असतं की बंदूक सरकारी असली तरी निशाणा आपण दाखवतोय. कोणाचा 'गेम' करायचा याची यादी हळूहळू पोलिस ठाण्याबाहेर तयार व्हायला लागते. आणि माणूस मारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे हे जगजाहीर आहे, त्याला न मारण्याचेही पैसे मिळतात. नावाने आलेला नुसता फोन पुरतो. खंडणी मागणाऱ्याला जी दहशत निर्माण करायला दहा माणसं पाळावी लागत, ती वर्तमानपत्रांनी याला फुकट करून दिलेली असते.

हा नुसता तर्क नाही. ११ नोव्हेंबर २००६ च्या दुपारी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा मित्र यांना वाशीतून पोलिसांनी उचललं. लखनभैयाचा भाऊ वकील होता. त्याने त्याच दुपारी पोलिस आयुक्तांना आणि इतरांना तारा आणि फॅक्स पाठवले: माझ्या भावाला उचललंय, त्याला मारतील. त्या रात्री वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ 'चकमक' झाली. पोलिसांची गोष्ट नेहमीचीच होती, फक्त या वेळी तिच्या आधीची वेळ पडलेली तार अस्तित्वात होती. भावाने न्यायालयाची पायरी सोडली नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी, मग उच्च न्यायालयाने नेमलेलं विशेष पथक, मग खटला. फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं की या खुनामागे जमिनीच्या व्यवहारातल्या एका जुन्या साथीदाराचं वैर होतं. म्हणजे साध्या मराठीत, सुपारी. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यांतले १३ पोलिस. आरोपींत असलेले प्रदीप शर्मा त्या वेळी सुटले. (शिक्षा १२ जुलैला झाली आणि दोनच दिवसांनी भारतातली तारसेवा कायमची बंद पडली. तिने आपलं शेवटचं मोठं काम करून घेतलं म्हणायचं.) डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने अकरा दोषी पोलिसांची शिक्षा स्थगित केली, तो आदेश पुढे उच्च न्यायालयाने रद्द केला. सरकारला स्वतःच्या खुनी माणसांविषयी किती माया असते, हे एवढ्यावरून कळावं.

लखनभैयाबरोबर उचललेला तो मित्र या खटल्यातला कळीचा साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, तो बेपत्ता झाला. पुढे मनोरच्या भागात त्याचं प्रेत सापडलं.

आमच्या सोसायट्यांतल्या पोरांना 'डेथ नोट' ही जपानी चित्रकथा तोंडपाठ असते. सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांची ही मालिका २००३ ते २००६ या काळात आली. हुशार, सज्जन घरातल्या एका विद्यार्थ्याला एक वही सापडते. तिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो. पोरगा सुरुवात करतो ती सुटलेल्या गुन्हेगारांपासून. जग टाळ्या वाजवतं. पण फार पानं उलटावी लागत नाहीत. त्याला विरोध करणारा, त्याचा शोध घेणारे तपास अधिकारी, अशी नावं वहीत यायला लागतात. गुन्हेगारांना मारणं थांबवता येतं, हे थांबवता येत नाही, कारण पहिल्या खुनांचा माग पुसायचा असतो. कथाकाराला मुंबईची काही माहिती असण्याचं कारण नाही. पण त्याला सत्तेचं हे गणित बरोबर कळलं होतं. पहिला बळी समाजासाठी घेतला जातो, दुसरा पहिला लपवण्यासाठी.

मुंबईचे पोलिस अधिकारी सचिन वाझे यांची गोष्ट त्याच वळणाने जाते. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बाँबस्फोटानंतर परभणीच्या ख्वाजा युनूसला पकडलं. दुबईत नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. मुरकीच्या तरुणानंतर इथे आलेला हा दुसरा. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप दरीत कोसळली आणि तो पळाला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. चौकशीत कोठडीतल्या मृत्यूचा आरोप पुढे आला, २००४ मध्ये वाझे निलंबित झाले. ज्या स्फोटाच्या संशयावरून युनूसला धरलं त्या खटल्यातले त्याचे सहआरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. वाझे मात्र जून २०२० मध्ये पुन्हा खात्यात आले, तेही गुन्हे शाखेतल्या महत्त्वाच्या जागेवर. पुढच्या फेब्रुवारीत अंबानींच्या अँटिलिया इमारतीजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी सापडली. त्या गाडीशी संबंध असलेल्या ठाण्यातल्या व्यापाऱ्याचं प्रेत ५ मार्च २०२१ ला मुंब्र्याच्या खाडीत मिळालं. राष्ट्रीय तपास यंत्रणेने १३ मार्चला वाझेंना आणि जूनमध्ये प्रदीप शर्मांना अटक केली. त्या प्रकरणातले आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, हे इथे लिहायलाच हवं. तोवर निर्दोष मानलं जाण्याचा हक्क या दोघांनाही आहे.

सगळेच अधिकारी असे निघाले असं नाही. साळसकर २६/११ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळ अतिरेक्यांशी लढताना गेले. दया नायकांवरचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला टिकला नाही. पण मुद्दा एकेकाच्या चारित्र्याचा नाही. ज्या पदावर बसलेल्या माणसाला कोणाला मारलं याचा हिशेब कोणीच मागत नाही, त्या पदावर संत बसवला तरी त्याच्या शेजारची खुर्ची दलाल घेतोच. ब्राझीलच्या रिओ शहरात हे आणखी पुढे गेलं. गुंडांपासून वस्त्या वाचवू म्हणून आजी-माजी पोलिसांनी टोळ्या उभारल्या. आज त्या टोळ्या वस्तीकडून संरक्षणाचे पैसे घेतात, गॅसची टाकी आणि केबल टीव्हीसुद्धा आपल्याच माणसाकडून घ्यायला लावतात. तिथल्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांचा २०१८ मध्ये खून झाला. गोळ्या झाडल्याबद्दल दोषी ठरला तो माजी पोलिस.

२३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या मुंबईच्या ९९ चकमकींच्या खटल्यात सोळा नियम घालून दिले. प्रत्येक चकमकमृत्यूचा गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा गुन्हे अन्वेषण विभागाकडे द्या, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, शस्त्रं तपासाला जमा करा, आणि शौर्य निर्विवाद ठरेपर्यंत बढती किंवा पदक देऊ नका. पाच वर्षांनी हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीवर बलात्कार करून तिला मारण्यात आलं. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळीने मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. नागपूरच्या वकिलीतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेले निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने या प्रकाराचा कण न् कण तपासला. चकमक रचलेली होती आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा निष्कर्ष निघाला. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा अशी शिफारस आयोगाने केली. फुलं उधळतानाच्या चित्रफिती ज्यांनी पुढे पाठवल्या होत्या त्यांतल्या कितीजणांनी हा अहवाल पुढे पाठवला, याचा अंदाज वाचकाने आपापल्या फोनवरून घ्यावा.

आणि बदलापूर. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी तळोजा तुरुंगातून नेला जात असताना २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिस गाडीतच गोळी लागून मेला. सर्वोच्च न्यायालयाच्या सोळा नियमांना त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. गोळी झाडणारा अधिकारी कधीकाळी प्रदीप शर्मांच्या पथकात होता, असं वर्तमानपत्रांनी छापलं. चौकशीत न्यायदंडाधिकाऱ्यांनी पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या चिमुरड्यांच्या खटल्यात मुख्य आरोपीविरुद्धचा पुरावा आता कधीच तपासला जाणार नाही. शाळेतल्या कोणाला काय माहीत होतं, कोणी काय दाबलं, हे ज्याच्या उलटतपासणीत बाहेर येऊ शकलं असतं तो तोंड उघडण्याआधीच गेला. झटपट न्यायाचा हा तोटा कोणी मोजत नाही: आरोपीबरोबर माहितीही मरते, आणि तिच्या मरणात रस असलेले लोक नेहमी जवळपासच असतात.

बदलापूरच्या सुनावणीत उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने गोळी थेट डोक्यात कशी, असं पोलिसांना विचारलं. त्याच न्यायमूर्तींनी सहा महिने आधी, १९ मार्च २०२४ ला, न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्यासह लखनभैया प्रकरणाचा निकाल दिला होता. नाना-नानी पार्कच्या त्या रात्रीला तोवर सतरा वर्षं उलटली होती. चकमक बनावट होती, शर्मा यांची सुटका टिकणारी नाही, त्यांना जन्मठेप, असा तो निकाल. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अपील दाखल करून घेतलं आणि तुरुंगात हजर होण्यापासून त्यांना अंतरिम दिलासा दिला. कायद्याप्रमाणे जे मिळायला हवं ते सगळं त्यांना मिळतंय: वकील, मुदत, वरचं न्यायालय. ११ नोव्हेंबर २००६ च्या दुपारी वाशीत गाडीत बसवलेल्या रामनारायण गुप्ताला यातलं काहीही मिळालं नव्हतं.